ब्रिजनेसची शिळा कशी वाचावी
(अँटोनाइन भिंतीच्या सहलीला येणाऱ्यांसाठी)

एडिनबर्गच्या चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात, तळघरातल्या दालनात ही शिळा आहे. प्रवेश मोफत. बहुतेक लोक डावीकडच्या घोडेस्वाराचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. खरा ऐवज उजवीकडे आहे, म्हणून हे पत्रक आदल्या रात्रीच वाचून या.

इ.स. १४२च्या सुमारास, सम्राट अँटोनायनस पायसच्या काळात, रोमन सैन्याने स्कॉटलंडमध्ये पूर्वेच्या फोर्थ खाडीपासून पश्चिमेच्या क्लाइड खाडीपर्यंत सुमारे ६० किलोमीटरची भिंत उभारली. तीच अँटोनाइन भिंत. ज्या लीजनने (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीने) जेवढं काम केलं, तेवढ्याचा हिशेब ती शिळेवर कोरून ठेवी. ही शिळा दुसऱ्या ऑगस्टा लीजनची. ती १८६८ साली बोनेसजवळ ब्रिजनेसला सापडली. लांबी जवळपास पावणेतीन मीटर.

आपली वीरगळ खालून वर वाचतात, ही डावीकडून उजवीकडे वाचा. डाव्या चौकटीत घोडेस्वाराच्या पायाखाली पडलेले चार स्थानिक योद्धे आहेत. त्यातल्या एकाचं मुंडकं उडालेलं आहे. मधल्या लेखाच्या शेवटी अंतर आहे, आणि तिथेच सगळे चुकतात. चार उभ्या रेघा म्हणजे चार नव्हे, चार हजार. पुढची अक्षरं मिळून ६५२. एकूण ४,६५२ पावलं. रोमन पाऊल म्हणजे आपली दोन पावलं, साधारण १.४८ मीटर. म्हणजे जवळपास ६.९ किलोमीटर.

आता उजवी चौकट. मागे लीजनचं नाव लिहिलेलं निशाण, पुढे वेदी, तिच्यावर पसरट पात्रातून नैवेद्य ओतणारा माणूस, शेजारी जोडबासरी वाजवणारा. खाली बघा: डुक्कर, मेंढा, बैल. याच तिघांच्या लॅटिन नावांवरून विधीला ‘सुओवेटॉरिलिया’ म्हणतात. जे शुद्ध करायचं, शेत असो की सैन्य, त्याभोवती आधी हे प्राणी फिरवायचे, मग बळी द्यायचे. बासरी करमणुकीसाठी नव्हती. मंत्र चालू असताना एखादा अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून ती वाजत राही. विधीत चूक झाली तर तो पुन्हा करावा लागे. रोमन लेखक केटोच्या शेतीवरच्या ग्रंथात तर देवाचं समाधान झालं नाही तर पुन्हा बळी देताना काय म्हणायचं, तेही शब्दश: दिलंय.

दगड आज करडा दिसतो, पण भिंतीवरच्या अशा शिळा रंगवलेल्या असत. लाल-पिवळ्या रंगाचे अंश सापडले आहेत.

ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात याच भिंतीच्या बऱ्याच शिळा आहेत. तिथे एक खबरदारी घ्या: पश्चिमेच्या शेवटच्या चार मैलांत अंतर पावलांत नसून फुटांत आहे. थेट तुलना केली तर आकडे जुळत नाहीत.

शिळेची प्रतिकृती ब्रिजनेसलाच उभी आहे. पुढे रफ कॅसलला, म्हणजे भिंतीवरच्या रोमन किल्ल्याच्या जागी, दगडी तट शोधू नका. भिंत दगडी पायावर रचलेल्या गवताळ मातीच्या ढेपांची होती. आज दिसतो तो उत्तरेचा खंदक आणि मातीचा उंचवटा. गवत ओलं असतं, चपला घालून येऊ नका.