मिगेल तोर्गा: पहिल्या 'कामोइश'मागचं आयुष्य

'कामोइश' हा पोर्तुगीज भाषेतला सर्वांत मानाचा साहित्य पुरस्कार. पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या सरकारांनी तो १९८८ मध्ये सुरू केला आणि १९८९ मध्ये पहिला मान मिगेल तोर्गांना मिळाला. निवड अचूक होती, कारण या लेखकाची अर्धी जडणघडण ब्राझीलमधली.

खरं नाव आदोल्फो कोर्रेया दा रोशा. जन्म १९०७ चा, पोर्तुगालच्या ईशान्येकडच्या त्राज-उश-मोन्तिश या डोंगराळ मुलखात, गरीब शेतकऱ्याच्या घरी. पोरवयातच पोर्तो शहरात एका श्रीमंताकडे घरगडी म्हणून राहिले. ऐकत नाहीत म्हणून हाकलले गेले. १९२० मध्ये ब्राझीलला काकांच्या कॉफीच्या मळ्यावर गेले आणि पाच वर्षं राबले. पुढे काकांनीच शिक्षणाचा खर्च उचलला. १९३३ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

कान-नाक-घशाचा दवाखाना हाच त्यांच्या स्वातंत्र्याचा आधार होता, असं मला वाटतं. पोटापाण्याची सोय झाल्यामुळे पुस्तकं ते पदरमोड करून छापत. कुणा प्रकाशकाची मर्जी सांभाळायला नको!

सरकारची मर्जी मात्र राखली नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनबद्दल परखड लिहिलं म्हणून १९३९ च्या अखेरीस पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पोलिसांनी त्यांना धरलं. लिस्बनच्या अल्जूब तुरुंगात त्यांनी तेजो नदीत आलेल्या एका शिडाच्या जहाजावर कविता लिहिली. तिच्याखालची तारीख आहे १ जानेवारी १९४०.

त्याच वर्षी आला 'बिशुश', म्हणजे प्राण्यांच्या गोष्टी. त्यातल्या शेवटच्या गोष्टीत विसेंत नावाचा कावळा बायबलमधल्या महापुरातल्या नोहाच्या तारवातून (जहाजातून) उडून जातो. माणसांच्या पापाची शिक्षा आम्हाला का, हा त्याचा सवाल. पाणी चढत जातं, तरी तो उरलेल्या सुळक्यावरून हलत नाही. अखेर देवालाच माघार घ्यावी लागते. त्या काळात पोर्तुगालमध्ये ही गोष्ट कशी वाचली गेली असेल, हे वेगळं सांगायला नको. तोर्गा पहिल्यांदा वाचणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. दोरू खोऱ्यातल्या द्राक्षतोडणीच्या मजुरांवरची 'विंदिमा' (१९४५) ही कादंबरी दमदार आहे, पण तिला या कथांची धार नाही.

१९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या डोंगरकथांच्या संग्रहावर बंदी आली. मग त्या कथा ब्राझीलमध्ये छापल्या गेल्या. १९४१ पासूनच ते आपली रोजनिशीही प्रसिद्ध करू लागले होते. गद्य आणि कविता एकत्र असलेल्या तिच्या १६ खंडांपैकी शेवटचा १९९३ मध्ये निघाला. १९९५ च्या जानेवारीत कोइंब्रातच ते वारले.