‘लेट’ लिहिताना: आमच्या ग्राहकांसाठी

वारसाची कागदपत्रं, प्रतिज्ञापत्रं, बँकेचे अर्ज आम्ही इंग्रजीत तयार करून देतो. तुम्ही आणलेल्या कच्च्या मसुद्यात आमचं लाल पेन सगळ्यात जास्त चालतं ते ‘लेट’ या शब्दावर.

गेल्या पावसाळ्यात एक ताई वडिलांच्या खात्यातल्या रकमेसाठी अर्ज लिहून घेऊन आल्या. पहिलंच वाक्य ‘माय फादर इज लेट’. त्यांना सांगायचं होतं, वडील वारले. वाचणारा समजणार, वडिलांना यायला उशीर होतोय.

गंमत शब्दाच्या जागेची आहे. नात्याच्या किंवा नावाच्या आधी आला, की ‘लेट’ म्हणजे दिवंगत: ‘माय लेट फादर’. ‘इज’, ‘वॉज’च्या नंतर आला, की उशीर. (दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत ‘ही इज लेट’ म्हणजे ‘तो वारला’ असंही म्हणतात, पण आपल्या बँकेत ते चालायचं नाही.) म्हणून मृत्यूची बातमी द्यायची असेल तिथे आम्ही सरळ ‘डाइड ऑन’ लिहून तारीख घालतो. ‘एक्स्पायर्ड’ अनेकजण आग्रहाने लिहायला सांगतात. आम्हाला तो शब्द औषधाच्या बाटलीवरच बरा वाटतो.

वस्तूच्या आधी आला तर पुन्हा उशीरच: ‘लेट फी’ म्हणजे विलंब शुल्क.

‘लेट हसबंड’ म्हणजे वारलेला नवरा. घटस्फोट झालेला असेल तर ‘एक्स हसबंड’. इथली चूक महागात पडते, कारण पहिल्या शब्दाने बाई विधवा ठरते.

मराठीत हिंदू माणसाच्या नावाआधी कै. आणि मुसलमान माणसाच्या नावाआधी पै. लावायची पद्धत आहे. ‘लेट’ कुणालाही चालतो. पण तो लावायचा गेल्या काही वर्षांत वारलेल्यांना, फार तर आठवणीतल्या माणसांना. शिवाजी महाराजांच्या नावाआधी कुणी ‘लेट’ लिहीत नाही, तसंच सातबाऱ्यावरच्या खापरपणजोबांचं. शुद्ध इंग्रजीत नावाआधी ‘द लेट’ हवं. ‘सन ऑफ लेट श्री’ मात्र आपल्या कचेऱ्यांत इतकं रुळलंय, की ते आम्ही खोडत नाही.

फॉर्मवरच्या नावाच्या रकान्यात आम्ही ‘लेट’ घालत नाही. तिथे दाखल्यावर आहे तसंच नाव जातं, म्हणून येताना मृत्यूदाखल्याची झेरॉक्स आणा.