मशीनला तुमचा पासवर्ड कशाला देताय?

बेळगावच्या उद्यमबागेत मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतात. रात्री ११ ला तिथला कॉम्प्युटर आपला आपण गिऱ्हाइकाच्या सर्व्हरला दिवसाचा स्टॉक पाठवतो, शेडमध्ये कोण नसतं. आता मशीनला ओटीपी विचारून उपयोग काय, बघणार कोण? म्हणून पूर्वी मालकाचा पासवर्डच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहून ठेवलेला. दूधवाल्याला तिजोरीसकट घराची चावी दिल्यासारखं झालं की हे.

त्यापेक्षा टोकन बरं, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी अक्षरांची लांबलचक ओळ, पूर्ण नाव 'पर्सनल ॲक्सेस टोकन'. सर्व्हरच ते बनवून देतो, कशाकशाला परवानगी आणि किती दिवस ते आधीच ठरवता येतं, आणि हरवलं तर तेवढंच रद्द करायचं, पासवर्डला धक्का नाही. गिटहबनं (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) तर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या, म्हणजे कोड चढवायच्या-उतरवायच्या, कामाला पासवर्ड घेणंच बंद केलं. त्यांचं साधं टोकन 'जीएचपी' नि एका अंडरस्कोरनं सुरू होतं, पुढं ३६ अक्षरं, त्यातली ३० रँडम आणि शेवटची ६ चेकसम, म्हणजे आधीच्या अक्षरांवरनं हिशेबानं काढलेली पडताळणीची अक्षरं. प्रत्येक रँडम जागेला ६२ पर्याय (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे), त्यामुळं अंदाजानं काढायचं विसराच. चेकसमची आयडिया मला लई आवडली, कुणी चुकून कोडमध्ये टोकन उघड्यावर टाकलं तर ते टोकनच आहे का उगाच अक्षरांची खिचडी, हे डेटाबेस न चाळता कळतं.

पण हे बेअरर चेकसारखं असतंय, हातात असेल तो मालक. सर्व्हरला जाणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमधून (वरच्या माहितीच्या भागातून) ते जातं, म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारं कनेक्शन, नसेल तर पाठवूच नका. शहाणा सर्व्हर स्वतःकडं नुसता त्याचा हॅश ठेवतो (त्यावरनं काढलेली खूण, जिच्यावरनं मूळ टोकन परत काढता येत नाही), म्हणून तर ते एकदाच दाखवतात, तेव्हा कॉपी केलं नाही तर नवीन काढा.

खरी गोम 'पर्सनल' शब्दात आहे. मित्राकडं टोकन काढलं ते तिथल्या पोराच्या खात्यावरनं, पोरगं नोकरी लागून पुण्याला गेलं, खातं बंद केलं, आणि त्या रात्रीपासनं सर्व्हर ४०१ म्हणायला लागला, म्हणजे ओळख पटेना. चार दिवस सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या देत होते!

अशा कामाला ओऑथ २.० मध्ये (टोकननं परवानगी द्यायची ठरलेली पद्धत) क्लायंट क्रेडेन्शियल्स नावाची वेगळी पद्धत आहे, मशीनचीच आयडी, मशीनचंच सीक्रेट, ते दाखवून थोड्या वेळापुरतं टोकन मिळतं. गिऱ्हाइकाकडं ती सोय नव्हती, मग वर्कशॉपच्या नावानं वेगळं खातं काढलं, फक्त स्टॉक पाठवायची परवानगी, मुदत ९० दिवस. संपायची तारीख मित्रानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवलीय, लाइट बिलाच्या शेजारी.