आवर्ती दशांशाचे व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर

ज्या दशांश अपूर्णांकात दशांशचिन्हानंतर एखादा अंक किंवा अंकांचा गट त्याच क्रमाने अखंड येत राहतो, त्याला अखंड आवर्ती दशांश अपूर्णांक म्हणतात. अशी संख्या पूर्णांकी अंश आणि पूर्णांकी छेद यांच्या रूपात, म्हणजे व्यवहारी अपूर्णांक म्हणून लिहिण्याची रीत शालेय गणितात परिमेय संख्यांच्या प्रकरणात शिकवली जाते. ०.३३३… म्हणजे १/३ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. आवर्ती अंकांवर टिंब किंवा आडवी रेघ देण्याचा प्रघात आहे. येथे त्याऐवजी पुढे तीन टिंबे दिली आहेत.

आवर्तन कसे सुरू होते हे नागपूरच्या संत्राबाजारातल्या साध्या हिशेबातही दिसते. संत्री डझनाच्या भावाने घेतली आणि भाव ७० रुपये डझन धरला, तर एका संत्र्याची किंमत काढण्यासाठी ७० ला १२ ने भागावे लागते. बारा पंचे साठ, बाकी १०. दशांशचिन्ह देऊन १०० केले की बारा आठे शहाण्णव, बाकी ४. त्यावर शून्य घेऊन ४०, बारा त्रिक छत्तीस, बाकी पुन्हा ४. येथून पुढे भागाकार कितीही लांबवला तरी ४० आणि छत्तीस यांतून सुटका नाही, म्हणून उत्तर ५.८३३३… असे येते. १२ ने भागताना शून्याखेरीज ११ च बाक्या संभवतात, त्यामुळे भागाकार संपला नाही तर कधी ना कधी जुनी बाकी परत येणे अटळ असते, आणि बाकी परत आली की तिच्यामागचे सगळे अंकही त्याच क्रमाने परत येतात. प्रत्येक परिमेय संख्येचे दशांशरूप खंडित किंवा आवर्ती असते ते याच कारणाने.

उलट वाटेची रीत म्हणजे ही अखंड शेपटी वजाबाकीने उडवणे होय. क्ष = ०.४५४५… असेल, तर आवर्ती गट दोन अंकी असल्यामुळे दोन्ही बाजूंना १०० ने गुणावे; १००क्ष = ४५.४५४५… मिळते. दोन्ही संख्यांची शेपटी दशांशचिन्हाच्या पुढे हुबेहूब जुळत असल्यामुळे वजाबाकीत ती नाहीशी होते, ९९क्ष = ४५ उरते आणि क्ष = ४५/९९ = ५/११. संत्र्याच्या उदाहरणात आवर्ती ३ च्या आधी ८ हा अनावर्ती अंक आहे; अशा मिश्र आवर्ती दशांशासाठी १०क्ष = ५८.३३३… आणि १००क्ष = ५८३.३३३… अशी दोन समीकरणे घेतात. त्यांच्या वजाबाकीने ९०क्ष = ५२५, म्हणून क्ष = ५२५/९० = ३५/६ येते, आणि ७०/१२ ला संक्षिप्त रूप दिले तरी हेच मिळते. यावरूनच पाठ करण्याजोगा नियम निघतो : एक आवर्तन पूर्ण होईपर्यंतचे सर्व अंक मिळून होणाऱ्या संख्येतून (येथे ५८३) अनावर्ती भागाची संख्या (५८) वजा करून अंश घ्यावा, आणि छेदात आवर्ती अंक जितके तितके ९, त्यांच्यापुढे दशांशचिन्हानंतरचे अनावर्ती अंक जितके तितकी शून्ये लिहावीत. नियम सोपा असला तरी समीकरणे न मांडता तो वापरणाऱ्याकडून ९ आणि शून्ये यांची अदलाबदल हटकून होते.

आवर्ती गट दोन अंकी असताना १० ने गुणणे ही वर्गात नेहमी दिसणारी चूक. ४.५४५४… मधून ०.४५४५… वजा केले तर ४.०९०९… उरते, शेपटी एका घराने सरकलेली असल्यामुळे ती उडत नाही, नुसते रूप बदलते.

संपतच नाहीत असे अंक एकमेकांतून वजा कसे करायचे, ही शंका मात्र चूक म्हणता येणार नाही. तिचे उत्तर अनंत भूमितीय श्रेढीत आहे. ०.४५४५… म्हणजे ४५/१००, ४५/१०,०००, … या पदांची बेरीज. पहिले पद ४५/१०० आणि सामाईक गुणोत्तर १/१०० असल्यामुळे ही बेरीज निश्चित संख्येकडे जाते आणि पहिले पद भागिले (१ − गुणोत्तर) या सूत्राने ४५/९९ च येते. बेरीज अस्तित्वात आहे हे आधी ठाऊक असते म्हणूनच वजाबाकी ग्राह्य ठरते. हीच रीत ०.९९९… ला लावली की ९क्ष = ९, म्हणजे क्ष = १ मिळते; ही संख्या १ पेक्षा तसूभरही कमी नाही, तिचे लेखन तेवढे वेगळे आहे.

आवर्तन हा संख्येच्या अंगचा गुण नाही. छेद आणि १० हा पाया यांच्या नात्यातून ते येते. संक्षिप्त रूपातल्या छेदाला २ आणि ५ यांखेरीज मूळ अवयव नसेल तर दशांशरूप खंडित होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी ही जुन्या उजळणीतली सारी कोष्टके २ आणि ४ या छेदांची असल्यामुळे त्यांत आवर्तन डोकावतच नाही. आवर्तन आणतो तो छेदातला ३, ७, ११ यांसारखा अवयव. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत, आणि १९२ ला ३ ने नि:शेष भाग जात असल्यामुळे रुपयाचा तिसरा हिस्सा नेमका ५ आणे ४ पै येई. रुपयाचे १०० पैसे झाले आणि तोच हिस्सा ३३.३३३… पैसे झाला. हिस्सा होता तेवढाच राहिला.

छेद १० शी सहमूळ असताना, म्हणजे दोघांना १ खेरीज सामाईक अवयव नसताना, आवर्ती गट किती अंकी येईल हे ९, ९९, ९९९ या माळेतल्या कोणत्या पहिल्या संख्येला त्या छेदाने भाग जातो यावर ठरते. ३७ ने ९९९ ला भाग जातो म्हणून १/३७ = ०.०२७०२७…, ७ ला मात्र ९,९९,९९९ पर्यंत जावे लागते, म्हणून १/७ चा गट १४२८५७ असा सहा अंकी. १/१९ चा गट तर अठरा अंकी आहे : ०५२६३१५७८९४७३६८४२१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन भाग केले तर त्यांची बेरीज नऊ वेळा ९ येते.

हा अठरा अंकी गट नागपूरशी वेगळ्या अंगाने जोडलेला आहे. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ मध्ये नागपुरात विश्व पुनर्निर्माण संघ स्थापन केला होता. त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक गणित’ या ग्रंथातल्या ‘एकाधिकेन पूर्वेण’ या सूत्राचे गाजलेले उदाहरण १/१९ हेच आहे. उजवीकडून १ पासून सुरुवात करून प्रत्येक अंकाची दुप्पट डावीकडे लिहीत, हातचे पुढच्या दुपटीत मिळवत गेले की १, २, ४, ८, ६, ३, ७… असे अंक मिळतात. दुप्पटच का, तर १० × २ = २० = १९ + १, यात सारे आले. सूत्रांचे नाव वैदिक असले तरी ती उपलब्ध वैदिक वाङ्मयात आढळत नाहीत, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. युक्ती तरीही गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे.

व्यवहारात खरी अडचण येते ती कॅल्क्युलेटरवर. पडद्यावर ०.४११७६४७०५८ असे दहाच अंक दिसत असतील तर त्यांत आवर्तनाचा मागमूसही नसतो आणि वजाबाकीची रीत लावायला जागा राहत नाही. तेव्हा १ ला त्या संख्येने भागावे : २.४२८५७१४… येते. पूर्णांक २ बाजूला ठेवून उरलेल्या ०.४२८५७१४… ने पुन्हा १ ला भागले की २.३३३३… आणि तसेच आणखी एकदा केले की जवळजवळ ३ येतो. आता उलट चालत २ + १/३ = ७/३, मग २ + ३/७ = १७/७, आणि त्याचा व्यस्त ७/१७. या अपूर्णांकाचा आवर्ती गट सोळा अंकी आहे, म्हणूनच तो पडद्यावर मावला नव्हता.