दाढा त्याच, मांडणी दोन

आमच्या इंदूरच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नवा मुलगा कामाला लागला की महिन्याभरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "झिरो डिग्रीच्या दाढा आहेत ना, मग सरळ रेषेत लावून टाकतो." झिरो डिग्री म्हणजे उंचवटे नसलेल्या, सपाट दाढा. कवळीला अशा दाढा घेतल्या म्हणजे मांडणीही सपाटच, असं त्याला वाटतं. तसं नाही. त्याच दाढा सपाट पातळीवर लावता येतात आणि वक्रावरही लावता येतात, आणि त्या दोन कवळ्या तोंडात वेगळ्या वागतात.

सपाट दाढेला खाचा असतात, पण नैसर्गिक दाढेसारखे उंचवटे नसतात. उंचवट्याच्या उतारावर पडलेला दाब कवळीला बाजूला ढकलतो. सपाट पृष्ठावरचा दाब सरळ हिरडीवर उतरतो. हिरडी झिजून पार बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा फार मोठा दिलासा आहे. शिवाय वरची दाढ खालच्या खाचेत अडकत नाही, त्यामुळे वरखालचे जबडे एकमेकांशी नीट जुळत नसले तरी दाढ थोडी आतबाहेर सरकवून भागतं. हे फायदे दोन्ही मांडण्यांत मिळतात.

जबडा हलला की वाटा वेगळ्या होतात. खालचा जबडा पुढे काढताना कानापुढचा सांधा उतारावरून पुढे आणि खाली घसरतो, म्हणजे जबड्याचा मागचा भाग खाली जातो. पुढचे दात टेकतात आणि मागच्या दाढांमध्ये फट पडते. डेन्मार्कच्या ख्रिस्तेन्सेन यांनी १९०५ मध्ये याचं वर्णन केलं. ही गोष्ट आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या फटीचं काय करायचं, यावर दोन मांडण्यांची उत्तरं वेगळी आहेत.

सपाट मांडणी फट राहू देते. दाढांची पातळी हिरड्यांना शक्य तेवढी समांतर ठेवायची, खालच्या दाढा हिरडीच्या माथ्यावर घ्यायच्या, आणि मागे जिथे हिरडी चढायला लागते तिथे दाढ लावायचीच नाही, नाहीतर चावताना खालची कवळी पुढे घसरते. वरच्या दाढा गालाकडे थोड्या बाहेर ठेवायच्या, म्हणजे गाल चावला जात नाही. समोरच्या वरच्या दातांनी खालच्यांना जराही झाकायचं नाही, फक्त पुढेमागे एक-दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं. या शेवटच्या नियमावर मी स्वतः एकदा चुकलो. लोकमान्य नगरच्या एका काकूंच्या मुलीला आईचे वरचे दात हसताना जास्त दिसायला हवे होते. मला तिचं म्हणणं पटलं आणि ट्रायलच्या वेळी मी ते थोडे खाली उतरवले. काकूंनी जबडा जरा पुढे काढला की समोरचे दात आपटायचे आणि वरची कवळी मागून सुटायची. समोरची मांडणी पुन्हा केली, तेव्हा कुठे त्या निवांत जेवू लागल्या. त्या सपाट कवळीवर त्या पोहे आणि भुट्ट्याचा कीस आरामात खातात. पण सराफा बाजारातल्या गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, कडक कड तुटायला वेळ लागतो. उंचवटे नसलेल्या दाढेची ही उणीव आहे, आणि ती मी पेशंटला आधीच सांगतो.

वक्र मांडणी ती फट भरून काढते. खालच्या दाढा मागे जाताना हळूहळू वर चढवायच्या आणि जिभेकडे किंचित झुकवायच्या, म्हणजे जबडा पुढे किंवा बाजूला गेला तरी मागे कुठेतरी स्पर्श राहतो. कुणी सगळ्या दाढा सपाट ठेवून शेवटच्या दाढेमागे ॲक्रिलिकचा, म्हणजे कवळीच्याच प्लास्टिकचा, छोटा चढ देतात. समोर एक आणि मागे दोन अशा तीन जागी कवळी टेकते. पण हा वक्र अंदाजाने काढता येत नाही. तो पेशंटच्या सांध्याच्या उतारावर ठरतो, म्हणून वरचा जबडा सांध्यापासून कुठे आहे ते मोजणारा फेसबो हवा, पुढे काढलेल्या जबड्याची नोंद हवी आणि सांध्याचा कोन बदलता येईल असा आर्टिक्युलेटर, म्हणजे जबड्याची हालचाल करून दाखवणारं यंत्र, हवा. नुसत्या उघडझाप करणाऱ्या बिजागरीच्या आर्टिक्युलेटरवर काढलेला वक्र तोंडात जुळला तर तो योगायोग. असा वक्र देण्यापेक्षा सरळ सपाट मांडणी केलेली मला जास्त प्रामाणिक वाटते.

कोणती कधी? मी पेशंटला कोरडं चावून दाखवायला सांगतो आणि हनुवटीकडे बघतो. वरखाली चावणाऱ्याला, जबड्यावर ताबा कमी असलेल्याला किंवा दर वेळी वेगळ्या जागी मिटणाऱ्याला सपाट. वर्षानुवर्षं सुपारी चघळून जबडा आडवा फिरवायची सवय लागलेल्याला, हिरडी बरी असेल तर, वक्र.

जुनी, घासून गुळगुळीत झालेली कवळी या दोन्हींत मोडत नाही. ती जागोजागी कमीजास्त झिजलेली असते आणि चेहऱ्याची उंचीही खाते. तिला सपाट म्हणून तशीच नवी बनवायला सांगू नये.

समोर आलेल्या कवळीत दाढा सपाट लावल्यात की वक्रावर, हे ओळखायला काच पुरते. वरच्या कवळीच्या दाढा काचेवर टेकवा. सपाट असेल तर लावलेल्या सगळ्या दाढा एकदम बसतात. वक्र असेल तर बोट लावताच पाळण्यासारखी झुलते. दाढा मेणात असतानाच हे बघून घ्या. मेणाच्या जागी ॲक्रिलिक आल्यावर दाढा थोड्या सरकतात आणि घासून दुरुस्त करताना मूळ काय होतं तेच कळेनासं होतं.