एका चरणाला एक श्वास

गंगाखेडपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. तिथल्या विठ्ठल मंदिरात रोज दिवेलागणीला हरिपाठ होतो. गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा हरिपाठाला उभ्या असलेल्या आबांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे, श्वास मोजले. दोन रांगा समोरासमोर, गळ्यात टाळ, मध्ये मृदंग. एक रांग चरण म्हणते, समोरची तोच चरण उचलते. आबांची रांग म्हणत असते तेव्हा त्यांचा श्वास बाहेर जात असतो. समोरच्यांनी चरण उचलला की आबांचे खांदे किंचित वर येतात आणि श्वास आत जातो. मनगटावरच्या घड्याळात बघून तीनदा मोजलं. मिनिटाला कधी सहा भरले, कधी सात. तेच आबा ओट्यावर नुसते बसलेले असतात तेव्हा पंधरा-सोळा भरतात.

"काय मोजायलास रे?" हरिपाठ झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तुमचे श्वास."

"ते देवानं मोजूनच दिलेत. तू आणि कशाला मोजतोस?"

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. सहा हा आकडा माझ्या डोक्यात आधीपासून बसलेला होता, म्हणून मोजायची बुद्धी झाली. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि दुसरी, 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे, रक्तदाबाचे चढउतार एका लयीत आले. ती लॅटिन प्रार्थना अर्धी पाद्री म्हणतो आणि अर्धी समोरचे लोक. एकाचं म्हणणं चालू असताना दुसऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मंदिरातल्या दोन रांगा आल्या.

सहाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदय थोडं जलद चालतं, सोडतो तेव्हा मंदावतं. मंदावण्याचं काम मेंदूच्या तळापासून छाती-पोटापर्यंत गेलेला व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो. दुसरीकडे, मानेतल्या धमन्यांमध्ये आणि महाधमनीत रक्ताचा दाब ओळखणारे संवेदक आहेत. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि हृदय हळू होतं; दाब घटला की उलट. या निरोपाच्या येण्याजाण्याला वेळ लागतो, त्यामुळे रक्तदाबाला स्वतःचं एक हेलकावणं असतं, साधारण दहा सेकंदांचं. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका आठवा. कधीही धक्का दिला तर झोका नुसता डुचमळतो. त्याच्या लयीत धक्का बसला की तो उंच जातो. दहा सेकंदांचा श्वास हा रक्तदाबाच्या झोक्याला नेमक्या वेळी दिलेला धक्का आहे. हेलकावे मोठे होतात आणि दाब सांभाळणारी ती यंत्रणा अधिक तत्पर होते. २००१ च्या प्रयोगात हेच दिसलं.

आबांवर मी केलं तो प्रयोग नव्हे, ते निरीक्षण. पण त्यातून एक प्रश्न सुटेना. ध्यान म्हटलं की डोळ्यांपुढे डोळे मिटून एकटा बसलेला माणूस येतो, आणि इथे तर चाळीस माणसं टाळ कुटत उभी. या दोन चित्रांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

शब्दापासून सुरुवात करू. 'ध्यै' म्हणजे चिंतन करणे, त्यावरून 'ध्यान'. पालीत त्याचं 'झान' झालं, चीनमध्ये 'चान', जपानमध्ये 'झेन'. मराठीत तो इतका मुरला की आपण दळण आणायला निघालेल्या पोराला "ध्यानात ठेव" म्हणतो. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर मांडी घालून बसलेली आकृती आहे, तिला कित्येकजण पहिला योगी म्हणतात; मला ते पटत नाही, कारण नुसत्या बैठकीवरून मनात काय चाललंय ते कळत नाही. भक्कम पुरावा उपनिषदांत मिळतो. छांदोग्यात म्हटलंय की पृथ्वी जणू ध्यान करते, डोंगर जणू ध्यान करतात. कठोपनिषद इंद्रियं स्थिर धरण्याला योग म्हणतं. आणि श्वेताश्वतर तर जागाच सांगतं: सपाट, स्वच्छ, खडे-वाळू-विस्तव नसलेली, पाण्याचा आवाज कानाला बरा वाटेल अशी, वारा न लागणाऱ्या गुहेसारखी.

हे वर्णन वाचून अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात जावं. पर्यटक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यांत चित्रांसाठी गर्दी करतात. बाराव्यात चित्रं नाहीत, म्हणून तिथे कुणी थांबत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विहार. पुढची भिंत कोसळलेली आहे. मधल्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत बेसॉल्टमध्येच कोरून काढलेले दोन ओटे. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख तिथे आहे. म्हणजे बसणारा भिक्खू होता आणि बसायला जागा करून देणारा बाजारातला माणूस. मी मे महिन्यात त्यातल्या एका खोलीत बसलो होतो. बाहेर दगड तापलेला, आत ओटा गार. खिडकी नाही. उजेड फक्त दारातून, तोही गुडघ्यापर्यंत येऊन थांबलेला. दोन-तीन मिनिटांनी एकच आवाज उरला, माझ्याच नाकाचा.

या खोल्यांत भिक्खू वर्षावासाचे महिने काढत असत. खाली वाघोरा नदी भरून वाहत असे. त्यांना बुद्धांनी दिलेली रीत पाली ग्रंथांत जपलेली आहे, आनापानसती म्हणजे येत्या-जात्या श्वासाचं भान. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. त्याला लांबवा किंवा रोखा असं तिथे सांगितलेलं नाही. ही फार बारीक गोष्ट आहे. जरा करून बघा: श्वासाकडे लक्ष गेलं की तो लगेच अवघडतो, पाहुण्यांपुढे उभ्या केलेल्या मुलासारखा. त्याला तसंच राहू देऊन बघत राहणं हेच कसब.

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, याहून वेगळी रीत दगडात उभी आहे. बाहुबलीच्या हातापायांवर वेली चढल्यात आणि तो उभाच आहे. जैनांचा हा कायोत्सर्ग, देहाचं माझेपण सोडून देणं. पतंजलींनी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत या सगळ्याची मोजकी सूत्रं बांधली. चित्त एका जागी बांधणं ही धारणा. त्या एकाच जाणिवेची अखंड धार लागणं म्हणजे ध्यान.

मग आपेगावचे ज्ञानदेव येतात. १२९० मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय म्हणजे नाथपंथी योगाचं मराठीतलं सगळ्यात तपशीलवार वर्णन. मूळबंध, जालंधरबंध, ओढियाणा हे शरीर आवळून धरायचे बंध, कुंडलिनी, सगळं आहे. पण मला त्याआधीचं जागेचं वर्णन अधिक आवडतं. बसलं की उठावंसं वाटू नये, पाखंड्यालाही तप करावंसं वाटावं, पाणी निर्मळ, वारा मंद, तिथे एखादा मठ किंवा शिवालय असावं. श्वेताश्वतराची ती गुहा इथे गोदाकाठच्या झाडीत आली आहे.

आणि त्याच ज्ञानदेवांच्या नावाने रोज म्हटला जाणारा हरिपाठ सांगतो की योगाने, यागाने, विधीने सिद्धी नाही, नाम घ्या. इतका योग जाणणाऱ्याने असं का म्हणावं? मला याचं उत्तर माणसांत दिसतं. गंगाखेडच्या जनाबाईंना ओट्यावर बसायला वेळ कुठून मिळणार? तेरच्या गोरोबांचा चिखल वाळून गेला असता. दळण, मडकी, नांगर यांतून उठून गुहेत जाता येत नाही, तेव्हा ध्यानालाच जात्यापाशी यावं लागलं. जनाबाईंच्या ओव्या जात्याच्या फेऱ्यांवर बसतात. खुंटा ओढताना जोर लागतो, आवाज निघतो, श्वास सुटतो.

इथे वाट अगदी उलटी आहे. अजिंठ्याच्या खोलीत लक्ष श्वासावर असतं आणि श्वासाला हात लावायचा नसतो. हरिपाठात लक्ष नामावर असतं आणि श्वासाला चरण वळण लावतो. आबांना आपला श्वास मिनिटाला सहावर आलाय याचा पत्ताही नसतो. नसावाच, कळला असता तर बिघडला असता. म्हणून मी नामस्मरणाला ध्यानाची सोपी, दुय्यम आवृत्ती मानत नाही. श्वासाकडे न बघता श्वास लांबवायची युक्ती सापडणं हा मोठा शोध आहे, आणि तो आपल्या गोदाकाठच्या कष्टकरी माणसांनी शेकडो वर्षं चालवला. खुलताबादच्या चिश्ती सूफींकडेही श्वासावर नाम बांधायची रीत होती. तिला पास-ए-अनफास, म्हणजे श्वासांची राखण, म्हणतात. दिल्लीहून आलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा तिथेच आहे. ते १३३७ मध्ये वारले. वेरूळची लेणी तिथून हाकेच्या अंतरावर.

मनाचं काय, हा पुढचा भाग. देवगिरीच्या किल्ल्यावर एकनाथ जनार्दनस्वामींकडे हिशेब बघत. एकदा एका पैचा फरक लागेना. सगळी रात्र दिव्यापाशी गेली, पै सापडली आणि एकनाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढं चित्त हरीकडे लागलं तर? परंपरेतली ही गोष्ट मला धारणेच्या कुठल्याही व्याख्येहून जवळची वाटते. आपलं चित्त एरवी कुठे असतं? २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० माणसांना मोबाइलवर वेळीअवेळी विचारलं की आत्ता हातातल्या कामाकडे लक्ष आहे का. सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. मन असं भटकतं तेव्हा मेंदूचे ठराविक भाग एकत्र जागे होतात, त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. जुन्या साधकांमध्ये ध्यानाच्या वेळी हे जाळं शांत असल्याचं २०११ मध्ये एमआरआयवर दिसलं. पुढच्याच वर्षी आणखी एका प्रयोगात श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या साधकांना यंत्रात झोपवून सांगितलं, मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबा. भटकणं, लक्षात येणं, परत आणणं, टिकवणं, या चारही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग काम करताना दिसले. गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच आहे: मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणा. नवशिक्याला वाटतं मन पळालं म्हणजे ध्यान फसलं. खरं तर ते परत आणण्यातच सगळा व्यायाम आहे.

आपल्याकडे हे मोजायला फार आधी सुरुवात झाली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत आणलं. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांच्या डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या, तारा लावल्या. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा लहरी असतात. प्रकाश चमकला, आवाज झाला की त्या मोडतात. समाधीत बसलेल्या योग्यांच्या मोडल्या नाहीत. दोघांनी तर चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात ठेवला, तरी अल्फा लहरी तशाच. माणसं मूठभर होती, हे विसरू नये.

आणि ध्यानाने सगळं बरं होतं असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताचा फायदा दिसला. औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. काहींना बसल्यावर भीती वाढते, जुनी दुखणी वर येतात. आमच्याकडे पाऊस दगा देतो, कर्ज डोक्यावर बसतं, माणूस जेवायचा-बोलायचा बंद होतो. अशा माणसाला "ध्यान कर, नाम घे" एवढंच सांगून घरी पाठवणं मला क्रूर वाटतं. त्याला डॉक्टरकडे न्यावं, सोबत बसावं. हरिपाठालाही यावंसं वाटलं तर यावं. रक्तदाबाची गोळी मात्र हरिपाठासाठी सोडू नये. हे मी आबांनाही बजावलं आहे, कारण त्यांनी एकदा सोडून पाहिली होती.

आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वयाबरोबर छातीचा पिंजरा ताठरतो, फुप्फुसांची लवचिकता कमी होते, एका दमात सोडता येणारी हवा घटते. परवा आषाढीच्या आधी गावी गेलो तेव्हा पुन्हा रांगेशेजारी उभा राहिलो. लांब चरण आता त्यांना एका श्वासात पुरत नाही. ते मध्येच थांबतात, हवा घेतात आणि पुढच्या शब्दावर परत मिळतात. चरण काही तुटत नाही, तो शेजारच्यांच्या गळ्यातून चालूच असतो. मी घड्याळ काढलं नाही. आबांनी डोळ्यांनीच बाजूची रिकामी जागा दाखवली, कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले, आणि पुढचा चरण आमच्या रांगेचा होता.