हिराकस ते कॉस्टिक: समुद्राकडून कार्बन शोषून घेण्याच्या सरकारी संशोधनाची पार्श्वभूमी

चुनखडीच्या रानात उसावर केवडा आला, म्हणजे लोह कमी पडून पाने पिवळी पडली, की सोलापूरकडचा शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणतो. ते नुसते मातीत टाकले तर लोह गंजून अडकते आणि मुळांना मिळत नाही. म्हणून ते शेणखतात मुरवतात, नाहीतर पातळ द्रावण करून पानांवर फवारतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात जिरवण्याच्या प्रयोगांची सुरुवात याच हिराकसापासून झाली आणि पहिली अडचणही हीच आली.

अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात नायट्रेट मुबलक, तरी वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, विरळ. हे प्लवंग वाढताना कार्बन घेतात आणि तळाकडे बुडाले तर तो कार्बन हवेपासून दूर राहतो. कमी पडते ते लोह, असे अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांचे म्हणणे होते. अर्धे जहाज लोखंड द्या, हिमयुग आणून दाखवतो, अशी कोटी त्यांनी १९८८ साली केली. १९९३ मध्ये प्रशांत महासागरात गॅलापॅगोस बेटांजवळ ६४ चौरस किलोमीटरवर सुमारे ४५० किलो लोह सोडले गेले, पण ते पाहायला मार्टिन राहिले नव्हते. प्लवंग वाढले, मात्र थोड्याच दिवसांत लोह गंजून पृष्ठभागावरून नाहीसे झाले. हिराकस आम्लयुक्त समुद्रपाण्यात विरघळवून जहाजाच्या पंख्यामागच्या घुसळणीत सोडले जातच होते; त्यामुळे पुढच्या प्रयोगांत मात्रा पुन्हा द्यायची, अशी पद्धत पडली.

भारताचा सहभाग २००९ चा. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांच्या संयुक्त मोहिमेचे नावच ‘लोहाफेक्स’ होते. ‘पोलारश्टेर्न’ जहाज केपटाउनहून निघाल्यावर पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला. आदल्याच वर्षी जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी अशा प्रयोगांबाबत सबुरीची भूमिका घेतली होती. जर्मन सरकारने काम थांबवले, पुन्हा तपासले आणि जानेवारीअखेर परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकमध्ये ३०० चौरस किलोमीटरवर सुमारे २० टन फेरस सल्फेट पडले. प्लवंग वाढले खरे, पण तिथल्या पाण्यात सिलिका फारच कमी असल्याने सिलिकाच्या जड कवचाचे डायटम हे प्लवंग वाढू शकले नाहीत. जे वाढले ते कोपेपॉड या झिंग्याच्या जातकुळीतल्या चिमुकल्या जीवांनी खाल्ले आणि कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉड या जीवांनी. खोल तळाकडे गेलेला कार्बन नगण्य. आमच्या मते हा फसलेला प्रयोग नव्हे. खत घातले म्हणजे माल गोदामात आला असे होत नाही, हे त्याने मोजून दाखवले.

दुसरी वाट जीवांची नाही, रसायनाची आहे आणि ती सोलापूरच्या पायाखालूनच जाते. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्ट झिजवते. त्यातून बनलेले बायकार्बोनेट, म्हणजे क्षाराच्या रूपातला तो कार्बन, सीना-भीमेतून हत्तरसंग कुडलचा संगम ओलांडून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. तिथे तो कार्बन हजारो वर्षे विरघळलेला राहतो. हेच काम घाईने करून घ्यायचे, म्हणजे समुद्रात थेट अल्क, म्हणजे चुना-सोड्यासारखे आम्ल मारणारे द्रव्य, घालायचे; त्याने पाण्यातल्या वायूचे बायकार्बोनेट होते आणि समुद्र हवेतून आणखी वायू ओढतो. १९९५ मध्ये हरून खेशगी यांनी त्यासाठी चुना सुचवला. हिशेब मात्र आधी भट्टीपाशी करावा लागतो. एक टन कळीचा चुना भाजताना नुसत्या दगडातून सुमारे ०.७८ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि समुद्रात तोच चुना साधारण सव्वा टन शोषतो. भट्टीचा वायू पकडला नाही, तर निम्म्याहून अधिक कमाई तिथेच गेली. इंधनाचा धूर वेगळाच.

दुसरा घोटाळा सोलापुरात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांना ठाऊक आहे. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तेव्हा पाण्यातले बायकार्बोनेट मोडते. अर्धा कार्बन थरात जातो, अर्धा वायू होऊन सुटतो. समुद्रात एका जागी अल्क जास्त झाले की असाच कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागतो. मग घातलेले अल्क तर वाया जातेच, पण पाण्यात आधीपासून असलेलेही कमी होऊ शकते. म्हणून अल्क थोडे-थोडे सोडायचे आणि लगेच पातळ करायचे.

मोठा सरकारी पैसा आला तो अलीकडे. जर्मनीने २०२१ मध्ये ‘सीडीआरमारे’ हा समुद्रात कार्बन जिरवण्यावरचा संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी समुद्राधारित उपायांवर संशोधन-आराखडा मांडला आणि २०२३ मध्ये तिथल्या ‘नोआ’ या समुद्र व हवामान संस्थेने १७ प्रकल्पांना २.४३ कोटी डॉलर जाहीर केले. ऊर्जा खात्याच्या ‘आर्पा-ई’ने वेगळा निधी ठेवला, तो मुख्यतः मोजणीच्या साधनांसाठी. ब्रिटनच्या सरकारी पैशावर तिथल्या वेमथ गावी ‘सीक्युअर’ हा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. तिथे उलटा मार्ग आहे: समुद्रपाणी आम्ल करून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचा, पाणी पुन्हा अल्क करून समुद्रात सोडायचे. क्षमता वर्षाला जेमतेम १०० टन.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या चमूने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मेनच्या आखातात सुमारे ६५,००० लिटर कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडले. सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या रंगाईत लागतो तोच कॉस्टिक, फक्त सोबत माग काढण्यासाठी रोडामाइन हा लाल रंग. असा पट्टा काही दिवसांत विरून जातो. हवेतून वायू आत यायला मात्र महिने लागतात. तोवर ते पाणी खाली बुडाले तर शोषण अर्धवटच राहते. त्यामुळे जहाजावरची उपकरणे सुरुवातीचा भाग मोजतात आणि उरलेला आकडा संगणकी प्रतिमानातून काढावा लागतो.